‘एकच डाव’ म्हणता म्हणता: हलक्याफुलक्या गेम्सच्या सवयीतून बाहेर पडण्याचा मार्ग

घरातला पोरगा रात्रभर बंदुकीचा गेम खेळत बसला की साऱ्या घराला कळतं. आरडाओरडा होतो, वायफाय बंद होतं, मामाला समजवायला बोलावतात. पण पन्नाशीची बाई कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत फोनवर रंगीत गोळ्या जुळवत असेल, किंवा निवृत्त झालेले काका दुपारभर कॉम्प्युटरवर पत्ते लावत असतील, तर कोणी काही म्हणत नाही. करमणूक आहे, असू दे. हा लेख त्या माणसांसाठी आहे. मी त्यांच्यातलीच एक. सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात टॅलीत एन्ट्र्या करते. साडेतीन वर्षं फोनवर गोळ्या जुळवायचा एक गेम आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सॉलिटेअर हा एकट्याने लावायचा पत्त्यांचा गेम, असं माझं चाललं होतं. पैसे गेले नाहीत, नोकरी गेली नाही. झोप गेली. आणि लेकीच्या बारावीच्या वर्षातल्या संध्याकाळी गेल्या. ती समोर बसून बोलत होती आणि मी खाली मान घालून ‘हं’ म्हणत होते.

त्यातून बाहेर येताना जे उपयोगी पडलं ते क्रमाने देते. साधारण महिन्याभराचं काम आहे. घाई करून मधली पायरी गाळू नका, विशेषतः वहीची.

आधी गेमची जात ओळखा

सगळे गेम एकाच गळाने पकडत नाहीत. आपल्याला कुठला गळ लागलाय हे कळल्याशिवाय तो काढता येत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली जात जीव मोजून देणाऱ्या गेम्सची. सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कँडी क्रश सागा. २०१२ मध्ये तो आधी फेसबुकवर आणि मग फोनवर आला. त्यात पाच जीव असतात. हरलात की एक जातो, आणि अर्ध्या तासाला एक परत येतो. म्हणजे सगळे संपले तर पुन्हा पाच व्हायला अडीच तास. वरवर पाहता गेमच तुम्हाला थांबवतोय असं वाटतं. पण भूक शिल्लक असताना समोरचं ताट उचललं तर मन ताटाभोवतीच घोटाळतं, तसं होतं. अडीच तासांनी ‘जीव भरले’ अशी सूचना येते, तेव्हा आपण कणीक मळत असतो किंवा कुणाचं रिटर्न भरत असतो, आणि भरलेले जीव वाया चाललेत असं उगीच वाटायला लागतं. त्यात पातळी हुकते ती अनेकदा एकाच गोळीसाठी. अशा वेळी आपण हरलो असं वाटतच नाही, ‘जमलंच होतं की’ असं वाटतं. नेमकं तेव्हाच आणखी पाच चाली घेण्याचं बटण समोर येतं.

कधी जिंकणार हे ठरलेलं नसणं, हाही गळाचाच भाग आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसलं होतं. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळतो तेव्हा कबूतर दाणा खाऊन जरा विसावतं. किती टोचांनी मिळेल याचा भरवसा नसतो तेव्हा ते न थांबता टोचत राहतं. आपला अंगठा तेच करत असतो.

दुसरी जात छोट्या डावांची. सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला, माइनस्वीपर १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर, आणि तेव्हापासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हे खेळ घर करून आहेत. पडणारे ठोकळे रचायचा टेट्रिस, आकडे जुळवायचा ‘२०४८’ नावाचा गेम, तीन-तीन मिनिटांचं ऑनलाइन बुद्धिबळ ही याच घरातली भावंडं. यांत वाट बघायला लावणं नाही, सूचनाही फारशा नाहीत. गळ एवढाच, की एक डाव संपायला आणि दुसरा सुरू व्हायला मध्ये फटच नाही. हरलो म्हणून एक, जिंकलो म्हणून अजून एक. टेट्रिस मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये तयार केला. त्याच्या मूळ खेळात जिंकणं असं काही नसतंच. ठोकळे वरपर्यंत साचले की संपलं, परत पहिल्यापासून.

डोळे मिटल्यावर पत्ते किंवा ठोकळे सरकताना दिसतात म्हणून काही जण घाबरतात. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटाने २००० साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना मेंदूच्या इजेमुळे नवीन काही आठवणीत राहत नव्हतं, आपण टेट्रिस खेळलो हेही ज्यांना आठवत नव्हतं, अशा काही रुग्णांनाही झोप लागताना ठोकळे पडताना दिसले. तेव्हा तुम्हाला दिसत असेल तर डोकं बिघडलेलं नाही. झोपायच्या आधी खूप खेळलात, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी जात राखणीच्या गेम्सची. २००९ मध्ये फेसबुकवर आलेला फार्मव्हिल आठवत असेल. पीक वेळेवर काढलं नाही तर वाळून जायचं, म्हणून माणसं गजर लावून उठायची. आज ‘सलग ८७ दिवस’ असं दाखवणारे आणि रोजचं बक्षीस देणारे गेम याच जातीचे. इथे खेळायची मजा केव्हाच संपलेली असते, साठलेलं जाईल ही धास्ती उरते.

चौथी जात माणसांबरोबर खेळायच्या गेम्सची. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला लुडो किंग २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत शिरला, कारण पुण्यातला भाऊ आणि दुबईतली भाची एका पटावर बसू शकत होते. तिथे गळ माणसांचा आहे, आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. भाची झोपल्यावर तुम्ही अनोळखी लोकांबरोबर रात्री एकपर्यंत खेळत असाल, तर मात्र त्याची गणना दुसऱ्या जातीत करा.

पैसे लावून खेळायची रमी, फँटसी टीम वगैरे यांत धरलेलं नाही. त्याबद्दल पुढे.

पहिली पायरी: आकडा बघा

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा आणि आजच्या वेळेचं जे वर्तुळ दिसतं त्यावर बोट ठेवा. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’. गेल्या आठवड्यातला एकेक दिवस बघा. तासांपेक्षा मला जास्त बोलका वाटतो तो अँड्रॉइडवर दिसणारा दुसरा आकडा, गेम दिवसातून किती वेळा उघडला. दोन तास एकदाच बसून खेळणारा माणूस आणि तीन-तीन मिनिटं करत चाळीस वेळा उघडणारा माणूस, यांची सवय वेगळी. पहिल्याला संध्याकाळ सांभाळायची आहे, दुसऱ्याला हात.

माझा आकडा होता ३ तास ४० मिनिटं, ५२ वेळा. कुणी विचारलं असतं तर मी ‘तासभर’ म्हणाले असते, आणि ते खोटं बोलणं नसतं. मला खरंच तसं वाटत होतं. आकडा कागदावर लिहून ठेवा. आज फक्त एवढंच.

दुसरी पायरी: सात दिवसांची वही

चाळीस पानी वही घ्या. सात दिवस खेळणं मुळीच कमी करायचं नाही. गेम बंद केला की एक ओळ लिहायची: वेळ काय, आणि गेम उघडायच्या लगेच आधी काय घडलं. ‘कंटाळा आला’ असलं लिहू नका. घडलेली गोष्ट लिहा. माझ्या वहीतल्या तिसऱ्या दिवसाच्या ओळी अशा आहेत:

स. ६:५० – चहा उकळेपर्यंत.
दु. १:२० – डबा खाऊन झाला. सगळ्या बाहेर गेल्या, मी जागेवरच.
दु. ४:०५ – एका क्लायंटचं बँक स्टेटमेंट जुळेना.
रा. ९:१० – दादाचा फोन. जमिनीचा विषय.
रा. ११:३० – अंथरुणावर. तोच विषय डोक्यात.

आठवडा संपल्यावर मी लाल पेनाने सारख्या ओळींना खुणा केल्या. चहा, कुकर, बसस्टॉप हे बारीकसारीक होतं आणि खूप वेळा होतं. पण तासावर तास गेलेले होते ते चारच प्रसंगी, आणि त्यांतल्या तीन ओळींत ‘दादाचा फोन’ होता. आमच्या वडिलांच्या जमिनीची वाटणी दोन वर्षं अडलेली होती. फोन ठेवला की मी गेम उघडत होते, आणि हे मला स्वतःला माहीत नव्हतं. लाल खुणा बघत मी बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले.

तुमच्या वहीत दुसरं काही निघेल. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याच्या वहीत औषधाच्या वेळा निघतात, निवृत्त माणसाच्या वहीत दुपारी दोन ते पाच हा सगळा पट्टा निघतो, नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या वहीत मेल तपासल्यानंतरची वेळ निघते. गेम कशावर झाकण म्हणून बसलाय ते दिसलं की पुढच्या पायऱ्यांना अर्थ येतो. ते न बघता नुसता गेम काढून टाकला, तर त्या जागी रील्स येऊन बसतात. माझं पहिल्या दोन खेपांना तेच झालं होतं.

तिसरी पायरी: गळ काढणं

सगळ्या जातींसाठी आधी दोन कामं. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या गेमच्या सूचना पूर्ण बंद करा. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागेल असं करा, साठवलेलं कार्ड काढून टाका, यूपीआय ॲपमध्ये एखादं ऑटोपे चालू राहिलेलं नाही ना तेही तपासा.

जीव मोजणारा गेम असेल तर माझं स्पष्ट मत आहे: काढून टाका. मर्यादेत खेळायचा प्रयत्न इथे टिकत नाही, कारण मर्यादाच त्याचा गळ आहे. ‘सातशे पातळ्या पार केल्यात, त्या जातील’ हा विचार अडवत असेल तर त्या आताच कुणाला तरी दाखवा, स्क्रीनशॉट काढा, आणि मग काढा. फेसबुक किंवा गूगल खात्याला जोडलेला असेल तर तुमची प्रगती बहुतेक तिथे राहतेच. हे कळल्यावर काढताना हात कमी अडखळतो.

छोट्या डावांच्या गेमला मर्यादा चालते, पण घड्याळाची नको. वेळ संपते तेव्हा डाव अर्धा असतो आणि अर्धा डाव सोडवत नाही. ‘जिंकलो की उठतो’ हा नियम तर कधीच करू नका, त्याला तळ नाही. डाव मोजा. मी तीन चिंचोके कीबोर्डच्या उजव्या बाजूला ठेवायचे. डाव संपला, हरले किंवा जिंकले, की एक चिंचोका उचलून वाटीत. तिसरा वाटीत पडला की खिडकी बंद. मनातल्या मनात मोजलं तर तीनाचे पाच होतात. हातात धरलेला चिंचोका वाटीत टाकताना मध्ये एक श्वास जातो, आणि दोन डावांमध्ये जी फट गेमने ठेवलेली नसते ती आपण तयार करतो. लहानपणी आजोळी चिंचोक्यांवर पट मांडायचो तेव्हा ‘पानं घेतली’ अशी हाक आली की पट उचलावाच लागायचा. फोनवर ती हाक कोणी मारत नाही.

राखणीच्या गेमसाठी एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी मुद्दाम उघडू नका. पीक वाळू द्या, ८७ चा आकडा शून्यावर येऊ द्या. अपघाताने तुटला तर जीव हळहळतो आणि माणूस दुप्पट जोमाने परत सुरू करतो. स्वतःच्या हाताने तोडला तर दुसऱ्या दिवशी मोकळं वाटतं. फेसबुकवरचा मूळ फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा बंद झाला. अकरा वर्षं राखलेली शेतं त्या दिवशी सगळ्यांचीच गेली. आपली साठवण कंपनीच्या मर्जीवर उभी आहे, हे गेम काढताना आठवा.

माणसांबरोबरच्या गेमला वार लावा. शनिवारी रात्री नऊला भाचीबरोबर, तीन डाव. इतर दिवशी ॲपला शून्याजवळची वेळमर्यादा.

वेळमर्यादेबद्दल एक सूचना. डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपला टायमर लावता येतो, वेळ संपली की त्याचं चित्र करडं पडतं आणि मध्यरात्री पुन्हा उघडतं. पण लावणारेही आपण आणि काढणारेही आपणच. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्या माणसाला घालू द्या. अँड्रॉइडवर निदान गेम पहिल्या पानावरून हलवून फोल्डरच्या आत, दुसऱ्या पानावर टाका.

चौथी पायरी: रिकाम्या जागेत काय

पहिले आठ-दहा दिवस हात त्या जागी जातो. ॲप नसतं तरी अंगठा तिथेच पडतो. मी त्या जागी फोनवरचं ‘नोट्स’ आणून ठेवलं होतं, आणि अंगठा पडला की उघडेल त्या पानावर त्या वेळी जे डोक्यात असेल ते एक वाक्य लिहायचे. संध्याकाळची भाजी काय, इथपासून काहीही.

वहीतल्या लाल खुणांचे आता तीन ढीग करा. दोन मिनिटांच्या जागा, वीस मिनिटांच्या जागा आणि रात्र.

दोन मिनिटांच्या जागेत काहीही भरू नका, असं मी सांगेन. चहा उकळताना चहाकडे बघा. सुरुवातीला ही दोन मिनिटं फार लांब वाटतात, चौथ्या-पाचव्या दिवशी ती पुन्हा दोन मिनिटांची होतात. वीस मिनिटांच्या जागेला हाताला काम देणारं काहीतरी लागतं: लसूण सोलणं, मोगऱ्याच्या कळ्यांचा गजरा, विणकाम, सायकलची साखळी साफ करणं. वाचन सुचवणारे खूप असतात, पण थकलेल्या डोक्याला लगेच पुस्तक झेपत नाही. हाताची सवय हातानेच सुटते, असा माझा अनुभव आहे. खेळायचीच ओढ असेल तर ज्याला शेवट आहे असा खेळ घ्या. पेपरातलं शब्दकोडं किंवा सुडोकू एकच असतं, सुटलं की संपलं. जॉश वॉर्डल यांचा २०२१ मधला वर्डल हा शब्द ओळखायचा गेम जगभर आवडला तोही दिवसाला एकच कोडं देऊन.

रात्रीसाठी एकच उपाय आहे आणि तो कडक आहे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ विकत घ्या. उशीजवळ चार्जर ठेवून केलेला कुठलाही निश्चय मी टिकलेला पाहिलेला नाही, माझाही नाही.

आणि झाकणाखालचं जे निघालं असेल त्याला एकदा तरी हात घाला. मी दादाला रविवारी सकाळी स्वतःहून फोन केला आणि म्हटलं, “दादा, रात्री नको हा विषय. दर रविवारी अकरा वाजता बोलू, कागद समोर घेऊन.” तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, “बरं. मलाही रात्री झोप लागत नाही गं.”

घरच्यांनी काय करावं

फोन हिसकावू नका. टोमणा मारू नका. माझ्या लेकीने एका संध्याकाळी एवढंच विचारलं, “आई, तुझा डाव संपला की सांगशील? मला एक गोष्ट सांगायचीये.” आणि ती खरंच थांबून राहिली. डाव संपला तेव्हा ती झोपून गेली होती. वही मी दुसऱ्या दिवशी आणली.

वडील किंवा सासरे दिवसभर पत्ते लावत बसत असतील तर त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन बसा आणि म्हणा, “बाबा, मला शिकवा की हा डाव.” बहुतेकदा त्यांना पत्त्यांची नव्हे, कुणीतरी शेजारी असण्याची भूक असते. आठवड्यातून दोन दुपारी खरे पत्ते काढून सात-आठ किंवा बदाम सात मांडा. दुपारी दोन ते पाच या पट्ट्यात त्यांना रोज एक बाहेरचं काम द्या, आणि ते काम खरं असू द्या. वेळ घालवायला दिलेलं खोटं काम म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं.

घसरलात तर

घसराल. बाराव्या-तेराव्या दिवशी मी गेम पुन्हा टाकला आणि एका रात्रीत अडीच तास खेळले. सकाळी काढला आणि वहीत ओळ लिहिली. एक रात्र गेली म्हणून आधीचे बारा दिवस पुसले जात नाहीत, तेरावा दिवस तेरावाच धरा. पण आधी काय घडलं होतं ते लिहायला विसरू नका.

स्वतःच्याने होत नसेल तर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत स्थान दिलं आणि ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात बघतात ते असं: खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकीच्या सगळ्याच्या आधी गेम येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे. हे सहसा वर्षभर चाललेलं असावं लागतं, म्हणून दोन आठवड्यांच्या नादावरून कुणाला आजारी ठरवू नका. पण नोकरी, शाळा, जेवणखाण यांवर परिणाम होत असेल, किंवा गेम बंद केल्यावर उदासी इतकी दाटून येत असेल की उठवत नाही, तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं खास क्लिनिक २०१४ पासून आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथेही जाता येतं.

पैशांचा गेम असेल तर वरच्या चिंचोक्यांवर विसंबू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात शिक्षा गेम चालवणाऱ्यांना आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने घरात लपवू नका. कर्ज किती झालंय तो पूर्ण आकडा एका विश्वासाच्या माणसाला आजच सांगा. अर्धा आकडा सांगितला तर उरलेला अर्धा भरून काढायला माणूस पुन्हा खेळायला बसतो.

तिसावा दिवस

पुन्हा तेच वर्तुळ उघडा आणि आकडा वहीत पहिल्या आकड्याखाली लिहा. माझ्या वहीत ३ तास ४० मिनिटांच्या खाली २५ मिनिटं आहे, आणि ५२ च्या खाली ४. शनिवारचे ते लुडोचे तीन डाव होते, भाचीबरोबर, आणि त्यांतला एक मी जिंकले. वहीची अजून बरीच पानं कोरी होती. त्यांच्यावर आता रविवारी अकराच्या फोनचे मुद्दे लिहिते: सात-बारा, मोजणीची तारीख, दादाचं म्हणणं, माझं म्हणणं.